स्पेसर शिकवणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

बालदम्याचं औषध आम्ही डॉक्टर लिहून देतो, पण ते मुलाच्या छातीत उतरतं तुमच्या शिकवण्यामुळे. त्यासाठी तुमचे जाहीर आभार. इतर आईवडिलांनाही उपयोग व्हावा म्हणून तुमचं काम तपशिलात मांडतो आहोत.

"पंप (इनहेलर) दोनदा मारा" एवढ्यावर तुम्ही कुणाला घरी पाठवत नाही. लहान मुलाला फवाऱ्याच्या वेळी बरोबर श्वास ओढणं जमत नाही, म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लागतो, आणि साधारण चार वर्षांपर्यंत त्याला मास्क. मुलाला आईच्या मांडीवर ताठ बसवून तुम्ही सगळं आईकडूनच करवून घेता. टोपण काढायचं, पंप हलवायचा, मास्क नाक-तोंडावर चारी बाजूंनी नीट टेकवायचा. मग एकच फवारा, आणि मास्क न उचलता पाच-सहा साधे श्वास. स्पेसरची झडप हलली की एक श्वास मोजायचा. दुसऱ्या फवाऱ्याआधी पंप पुन्हा हलवायचा. दोन फवारे एकदम मारले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच बसतं. मास्कला कडेने थोडी फट राहिली तरी तेच नुकसान.

रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत तुमचा धीर फार मोलाचा आहे. रडताना खोल श्वास जातो, म्हणजे औषधही जास्त जात असणार, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात मूल लांबलचक श्वास सोडतं आणि हिसक्याने आत घेतं, त्यामुळे औषध घशातच अडकतं. म्हणून रोजचा पंप मूल शांत झाल्यावर, हवं तर गाढ झोपेआधी पेंगुळलेलं असताना. धाप लागलेली असेल तेव्हा मात्र थांबायचं नाही, कुशीत घट्ट धरून द्यायचं. हा फरक तुम्ही दरवेळी न कंटाळता सांगता.

स्पेसर धुण्याचंही तसंच. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, त्यात बुडवायचा आणि हवेवर वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला धरून राहतं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे रोजचा पंप बंद होऊ न देणं. खोकला थांबला की घरचे तो कपाटात ठेवतात. मग सर्दी होते, दोन दिवसांत छातीत उतरते आणि रात्री घरघर सुरू होते. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्दी होणं नेहमीचंच आहे. बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरससारखा विषाणूच दम्याचा झटका आणतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. श्वासनलिका आतून आधीच सुजलेल्या असतील तर साधी सर्दीही जड जाते. ही सूज उतरवायला रोजच्या पंपातलं, श्वासातून दिलेलं स्टेरॉइड लागतं आणि त्याचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे जातात. "स्टेरॉइड" म्हटलं की आईचा चेहरा उतरतो. तेव्हा तुम्ही सांगता की पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तोंडाने द्यायचा मिलिग्रॅममध्ये. पंपानंतर चूळ भरायची, मास्क असेल तर चेहराही पुसायचा, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात.

घरघर म्हणजे दमाच, असंही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्यांदाच घरघर झाली तर बऱ्याचदा तो ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांना विषाणूने आलेली सूज, असतो. त्यात पंपाचा सहसा उपयोग होत नाही. थोडं थोडं दूध पाजत राहायचं आणि श्वासावर लक्ष ठेवायचं.

ते लक्ष कसं ठेवायचं, हे तुम्ही सदरा वर करून दाखवता. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. 2 ते 11 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे. बरगड्यांखालची जागा आत खेचली जाते का, तेही बघायचं. झटक्यात सहसा सालब्युटामॉलचे, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या धापेच्या पंपाचे, 2 फवारे, एकेक करून, आणि 20 मिनिटांनी आराम नसेल तर पुन्हा. मुलाच्या कागदावर डॉक्टरांनी वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर तेच खरं. तरीही उतार नाही किंवा आराम तीन-चार तासही टिकत नाही, तर दवाखाना गाठायचा. ओठ निळसर, मूल मलूल, बोलता किंवा पिता येत नाही, तर एक मिनिटही घालवायचं नाही. वाटेतही धापेचा पंप देत राहायचा. घरघर अचानक थांबली आणि मूल थकलेलंच दिसतंय, हे सर्वांत धोक्याचं. हवाच इतकी कमी आत जाते की आवाजसुद्धा होत नाही. हे वाक्य तुम्ही आईकडून वदवून घेता, ते फार बरं करता.

पुढच्या भेटीत तुम्ही गेल्या चार आठवड्यांचं विचारता: दिवसा त्रास आठवड्यातून एकदापेक्षा जास्त झाला का, रात्री खोकल्याने जाग आली का, खेळताना मूल मागे पडतं का, धापेचा पंप आठवड्यातून एकदापेक्षा जास्त लागला का. उत्तरं बिघडलेली दिसली की आम्ही डोस वाढवायला निघतो, आणि तुम्ही म्हणता, "डॉक्टर, आधी पंप कसा देतात ते बघू." कितीदा तरी मास्कच ढिला निघतो, किंवा पंपावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा शून्यावर आलेला असतो. आमच्या चिठ्ठीआधी तुमची ही तपासणी व्हायलाच हवी. त्यासाठी तुम्हाला वेगळी खोली आणि पुरेसा वेळ मिळावा, ही मागणी आम्ही लावून धरू.

तुमचे ऋणी,
बालरोग विभागातले डॉक्टर