बाबा, गोष्टीतल्या झाडाला पाणी घाला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची नाताळची कथा दोनदा वाचली. जुनं इन, म्हणजे मुक्कामाचं छोटं हॉटेल, विकत घ्यायला न्यूयॉर्कहून आलेली ती आणि त्याच गावात ख्रिसमस ट्रीची शेती करणारा तो, ही जोडी जमली आहे. खटकतं ते त्यांच्या आजूबाजूचं, अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. तिथल्या चुका काढता काढता तुम्हाला दोन-तीन प्रसंग फुकटात मिळतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी झाड तोडण्याचा प्रसंग, कारण कथेचा जीव तिथे आहे. तुम्ही त्याला एकट्याला कुऱ्हाड घेऊन पाठवलंत आणि तिला कौतुकाने बघत उभं केलंत. तसं नको. ट्री फार्मवर साधी हातकरवत वापरतात आणि काम दोघांचं असतं. एक जण बर्फात आडवा होऊन, खालच्या फांद्यांत डोकं खुपसून, जमिनीलगत खोड कापतो. दुसऱ्याने झाड धरून कापाच्या विरुद्ध बाजूला हलकं ओढून ठेवायचं. नाही ओढलं तर झाडाच्या भाराने चीर मिटते आणि करवत आतच अडकते. फार ओढलं तर शेवटच्या बोटभर खोडाला तडा जातो आणि साल सोलून निघते. म्हणजे किती जोर लावायचा हे तो खालून ओरडून सांगणार, आणि त्याचा चेहरा तिला दिसणार नाही. संवाद तिथे आपोआप सुचेल. सहा-सात फुटी झाड तयार व्हायला सात ते दहा वर्षं लागतात, हे त्याच्या तोंडी एकदाच घाला. तिमाहीच्या हिशोबात जगणाऱ्या बाईला तेवढं पुरे.

आता भांडण. सध्या ती त्याच्या फोनवर कुणा बाईचा मेसेज बघते आणि रुसून बसते. ‘ही कोण?’ एवढं विचारलं असतं तर मिटलं असतं, आणि अशा गैरसमजावर वाचक चिडतो, नायिकेवर नाही, लेखकावर. त्यापेक्षा झाडच कामाला लावा. झाड घरात आणलं की बुंध्याची दोन-तीन सेंटिमीटरची चकती कापून टाकतात आणि लगेच पाण्यात उभं करतात, कारण जुन्या कापावर राळ धरलेली असते आणि तिच्यातून पाणी वर चढत नाही. प्रमाण असं: खोडाच्या व्यासाच्या दर इंचामागे रोज साधारण एक लिटर. चार इंची खोड असेल तर चार लिटरच्या आसपास, पहिल्या दिवशी त्याहून जास्तही. स्टँडचं भांडं लहान असतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ वाकून बघावं लागतं.

हे काम तिच्याकडे द्या. ती दोन दिवस सौद्याच्या फोनांत गुंतते, पाणी कापाच्या खाली उतरतं, पुन्हा राळ धरते. मग वरून कितीही ओता, झाड पीत नाही. उपाय एकच: दिव्यांच्या माळा, काचेचे गोळे, शेंड्यावरचा तारा सगळं उतरवायचं, झाड आडवं करायचं, परत कापायचं. तेही २३ डिसेंबरला, इन पाहुण्यांनी भरलेलं असताना. त्याला राग येईल, तिला लाज वाटेल, आणि दोघांचंही बरोबर असेल. गावकऱ्यांना पाण्यात साखर घाला, ॲस्पिरिन घाला असले सल्ले देऊ द्या. त्यांचा उपयोग नसतो, साधं पाणीच लागतं. आणि बाबा, तुम्ही झाड फायरप्लेसला जवळजवळ टेकवलंय. सुकलेलं झाड तिथे पेटलं तर कथेचा प्रकारच बदलेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या.

गावसभा मात्र काढाच. व्हरमाँटमध्ये टाउन मीटिंगचा ठरलेला दिवस मार्चमधला पहिला मंगळवार. विशेष सभा बोलावता येते, पण तिची सूचना किमान ३० दिवस आधी लावावी लागते. तुमच्या कथेत ती दोन दिवसांत भरते. शिवाय एखादीचं खासगी इन विकायचं की नाही यावर गाव मतदान करत नाही. मालकीणबाईंनाच ठरवू दे. गावकरी काउंटरवर येऊन न विचारलेली मतं देतील, ते सभेपेक्षा गमतीचं होईल.

किरकोळ चुका: गावाच्या वेशीवर तुम्ही मोठं जाहिरात-होर्डिंग उभं केलंय. व्हरमाँटने १९६८ च्या कायद्याने रस्त्याकडेची तसली होर्डिंगं बंद केली. मेपलचा रस नाताळात उकळत नाहीत. तो वाहतो फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, रात्री गोठण आणि दिवसा वितळण असेल तेव्हा, आणि ४० गॅलन रसाचं एक गॅलन सिरप होतं. डिसेंबरात त्याची रस उकळायची झोपडी थंड, रिकामी असते. दोघांना बोलायला एकांत हवाच आहे, तिथे न्या. आणि संध्याकाळी सहाला सोनेरी ऊन दाखवू नका, २४ डिसेंबरला तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारला दुकानं उघडी, रस्ता अंधारा आणि खिडक्यांत दिवे, हे जास्त चांगलं दिसेल.

आई, तू विचारलं होतंस की टीव्हीवरच्या असल्या चित्रपटांत एवढ्या बर्फात कुणाच्या तोंडातून वाफ कशी निघत नाही. बरोबर पकडलंस. हॉलमार्क चॅनलवरचे असे पुष्कळ चित्रपट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, आणि बरेचसे उन्हाळ्यात, चित्रित होतात. बर्फ म्हणजे पांढऱ्या चादरी, कागदाचा चुरा आणि फेस. कोटांची बटणं उघडी दिसतात तीही उकाड्यापायी. बाबांच्या कथेत मात्र उणे दहा अंश आहेत. तेव्हा वाफ हवी, ओले हातमोजे हवेत, बोलताना जड झालेले ओठ हवेत.

आता चुंबन. तुम्ही ते चोवीस पानांतल्या नवव्या पानावर उरकलंय. या प्रकारच्या गोष्टीत वाचक त्याचीच वाट बघत असतो, म्हणून ते शेवटच्या दोन पानांत ठेवा. सतराव्या-अठराव्या पानावर नुसतं होता होता राहू द्या. फोन वाजवून तोडू नका, फार वापरून झालंय. फार्मवर झाडाला जाळी चढवायचं यंत्र असतं: झाड बुंध्याकडून नळकांड्यात घालून ओढून काढतात आणि फांद्या मिटून जाळीत बसतात. ते यंत्र मध्येच अडू दे, रांगेतलं गिऱ्हाईक हाका मारू दे. त्याचे हात राळेने चिकट झालेले असतात, ती साबणाने जात नाही, तेल चोळावं लागतं. हे शेवटच्या पानासाठी राखून ठेवा. २३ च्या रात्री झाड पुन्हा उभं राहिल्यावर तिने स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणावी.

पुढचा खर्डा सोळा पॉइंटच्या अक्षरांत छापा, म्हणजे आईला चष्मा न बदलता वाचता येईल. आई, संवाद मोठ्याने वाच आणि जिथे अडखळशील तिथे पेन्सिलने खूण कर. बाबांनी कितीही वाद घातला तरी ती खूण पुसू नकोस.

तुमची,
धाकटी