काका, साइडकार आता सरळ धावते

आदरणीय काका,

भोसरीच्या गाळ्यात तुमच्या लेथसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझ्या हातात बाबांची बुलेट विजेवर आणायचं एक चित्र होतं आणि ते चुकीचं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "ताई, बाजूला कोण बसणार?" मी म्हटलं, "आई." तुम्ही कागदाची घडी घालून परत दिलीत. "मग हे असं नाही करायचं."

तुमचं नाव न घालता हे पत्र सगळ्यांसमोर ठेवतेय. जुनी गाडी विजेवर आणायला निघालेल्या कुणाला तरी तुमचं शहाणपण उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे.

बाबांची बुलेट १९६८ची. साइडकार, म्हणजे बाजूची एका चाकाची बैठक, लग्नानंतर जोडलेली. कसब्यातून आई आणि आम्ही दोघी बहिणी तीत दाटीवाटीने बसून सारसबागेला जायचो. पुढे बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि किक सुटली. मग संधिवाताने बोटं आखडली, क्लच दाबवेना. गाडी ताडपत्रीखाली गेली. बाबा रोज सकाळी ताडपत्रीवरची धूळ झटकायचे, ते मला बघवत नव्हतं. किक नको, क्लच नको, गिअर नको, म्हणजे मोटरच हवी.

विजेचं काम माझ्या रोजच्या हातातलं. ३.२ व्होल्टचे २४ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एकापुढे एक जोडले की ७६.८ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-अवरचे घेतले तर साडेसात युनिटांहून थोडी जास्त वीज साठते. त्याची मला भीती नव्हती. भीती होती लोखंडाची.

बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारी नळी नसते, हे मी तिच्या अंगाखांद्यावर वाढूनही कधी पाहिलं नव्हतं. पुढची नळी खाली येऊन थांबते आणि तिथून मागच्या भागापर्यंतचा दुवा खुद्द इंजिन असतं. मी ते काढून त्या जागी बॅटरीची पेटी टांगणार होते. तुम्ही बोट ठेवलंत, "इंजिन काढलं तर फ्रेमला धरणार कोण?" मग तुम्ही १० मिलिमीटरच्या पत्र्याच्या दोन प्लेटी कापल्यात, इंजिनाच्याच मूळ भोकांवर बसणाऱ्या, आणि मोटर त्यांच्यामध्ये धरलीत. फ्रेमला एकही नवं भोक पाडू दिलं नाहीत. "उद्या कुणाला इंजिन परत बसवावंसं वाटलं तर?" ३४६ सीसीचं ते इंजिन तुम्ही स्वतः तेल घालून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवलंत. बाबा त्या पेटीशी किती वेळ उभे होते, हे तुम्ही पाहिलंत.

हिशोबही तुम्हीच जमिनीवर खडूने मांडलात. ताशी ४० किलोमीटरला १९ इंची चाक मिनिटाला सुमारे ३३० फेरे घेतं, मोटर मात्र ३,००० घेते. म्हणजे नवास एक, मोटरच्या नऊ फेऱ्यांना चाकाचा एक. एका साखळीत ते जमवायला मागे परातीएवढं दातेरी चाक लागलं असतं. गिअरबॉक्सच्या जागी तुम्ही मधला शाफ्ट बसवलात आणि तीनास एक, पुन्हा तीनास एक असं दोन टप्प्यांत उतरवलंत. त्या शाफ्टच्या बेअरिंगच्या बैठका तुम्ही लेथवर दोनदा टर्न केल्यात, पहिल्या वेळी केसभर सैल वाटल्या म्हणून. मला तर त्या चांगल्याच वाटल्या होत्या.

आणि बॅटरी? ती आईच्या पायाखाली गेली. आपल्याकडे साइडकार डावीकडे, त्यामुळे डावं वळण घेताना रिकामी साइडकार उचलली जाते. सेलचं जवळजवळ ५० किलो वजन तिच्या तळाशी गेलं आणि ती जमिनीला घट्ट धरून राहिली. नंतर तुम्ही दोन सरळ लोखंडी चॅनल चाकांना टेकवून मागचं-पुढचं अंतर मोजलंत, साइडकारचं चाक पुढून जरासं आत वळवलंत आणि गाडी किंचित उजवीकडे कलती ठेवलीत. ओळंबा धरून! अख्खा रविवार गेला त्यात.

तरी पहिल्या चाचणीला, गाळ्यामागच्या आवारात, मी मूठ पिळताच गाडी डावीकडे भिंतीवर गेली. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते आणि साइडकार मागे राहते, हे मला पुस्तकात कळलं होतं, हातांना त्या दिवशी कळलं. तुम्ही धावत आलात आणि आधी माझं मनगट पाहिलंत. मग म्हणालात, "मोटरला घाई फार आहे, तिला जरा सावकाश जागी कर." मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरमध्ये मी जोर हळूहळू चढेल असं बसवलं. ओढ अजून आहे, पण बाबांच्या हाताला सांभाळता येईल एवढीच.

गाडी शहरात आणली नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मंजुरीवाचून रस्त्यावर चालत नाही, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत की कागद नाही तोवर डांबर नाही. म्हणून टेम्पोत घालून ती सासवडजवळ मामाच्या शेतावर नेली.

गेल्या रविवारी अंजिराच्या बागेकडेने जाणाऱ्या पांदीवर बाबांनी ती चालवली. आई डावीकडे, मांडीवर डबा. विहिरीपर्यंत गेले आणि परत आले. बाबा उतरेनात. आई मला म्हणाली, "अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडीवर ह्यांचं बोलणं नीट ऐकू आलं."

तिने तुमच्यासाठी अंजिरं काढून ठेवली आहेत. बुधवारी घेऊन येते.

तुमची,
बुलेटवाली ताई