चटणीच्या पाकिटावर काय लिहायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, घरची चटणी पाकिटांत भरून विकायची तर पाच हजार पाकिटं एकदम छापली की नगाचा दर उतरतो, हा तुमचा हिशेब बरोबर आहे. तरीही ती ऑर्डर आत्ता देऊ नका. तशा छापील पाकिटांना प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर (छपाईचा रूळ) कोरावा लागतो आणि मजकुरातला एक शब्द बदलला तरी तो सिलिंडर नवा करावा लागतो. पहिल्या वर्षात मजकूर तीन-चारदा तरी बदलणार, हे धरूनच चाला. साधी कोरी झिपची पाकिटं घ्या आणि वर लावायला दोनशे-तीनशे स्टिकर डिजिटल छापून घ्या. नगाला दर जास्त लागेल, पण चुकलं तर दोनशे स्टिकर टाकून देता येतात. पाच हजार पाकिटं मात्र माळ्यावर पडून राहतात.

खरी अडचण त्या पाकिटावरच्या पहिल्या शब्दाची आहे. आपण ‘चटणी’ म्हणतो तेव्हा कोल्हापुरात मंगळवार पेठेत कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला चटणी म्हटलं की इडलीबरोबरची ओल्या खोबऱ्याची आठवते, नाहीतर दाण्याची. त्याला आपली वस्तू ‘कांदा-लसूण मसाला’ म्हणूनच ठाऊक असते. फोनमध्ये शोधतानाही तो हेच शब्द टाकतो. म्हणून नावाखाली दोन्ही लिहा: ‘कोल्हापुरी चटणी’ मोठ्या अक्षरात आणि लगेच खाली ‘कांदा-लसूण मसाला’. कोल्हापूर सोडून गेलेल्याला पहिला शब्द ओढून आणेल, बाकीच्यांना दुसरा.

त्याहून मोठी गोष्ट मागच्या बाजूची. आपल्या चटणीत मीठ असतं, हे परक्याला माहीत नसतं. तो ती मिरचीपूड समजून घालतो, वर सवयीने मीठ टाकतो, भाजी खारट झाली की पाकिटाला नावं ठेवतो आणि परत कधी मागवत नाही. शिवाय कांदा-लसूण-खोबरं आधीच भाजलेलं असल्याने कडकडीत तेलात ती टाकली की करपते आणि कडवट लागते. तेव्हा मागे सगळ्यात ठळक तीन ओळी अशा घ्या: ‘यात मीठ आहे, भाजीत मीठ बेताने घाला. चार माणसांच्या भाजीला दोन चमचे. गॅस मंद करून तेलात घाला, लगेच पाणी किंवा भाजी टाका.’ आई, चमचा कुठला ते तू ठरव, पण एकदा मापून बघ. ‘अंदाजाने’ हा शब्द पाकिटावर चालत नाही. जाहिरातीवर शंभर रुपये घालवण्यापेक्षा या तीन ओळींनी जास्त गिऱ्हाईक टिकेल, असं माझं ठाम मत आहे.

‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ हे शब्द गाळा. एक तर प्रत्येक पाकिटावर तेच असतात, त्यामुळे कुणी वाचत नाही. दुसरं म्हणजे २०१८ च्या अन्नपदार्थांच्या जाहिरात-दाव्यांच्या नियमांत अशा शब्दांना अटी घातलेल्या आहेत. त्यांच्या जागी खरी माहिती द्या: रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, डंकावर (मिरची कुटायच्या यंत्रावर) कुटलेली. एवढं वाचून जाणकाराला जे कळायचं ते कळतं.

नावाचं बोलायचं तर ‘कोल्हापुरी’ हा गावाचा शब्द आहे, तो कुणा एकाच्या मालकीचा होत नाही. त्याच्या आधी आपलं वेगळं, दोन-तीन अक्षरी नाव हवं. फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याने न विचारता लिहून घेतलं तर ते नाव चांगलं. इंग्रजीत लिहायची वेळ आली की स्पेलिंग एकच होईल असं बघा. ‘ळ’, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ असलेली नावं इथेच मार खातात. पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साईटवर फुकट शोधता येतं. तिथे वस्तूंचे वर्ग पाडलेले आहेत, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. एका माणसाच्या नावाने ऑनलाईन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येतं, पण वर्तुळातला ‘आर’ नोंदणी पदरात पडल्यावरच.

आणि आई, अंबाबाईचं चित्र नको. तुझी इच्छा कळते, पण रिकामं पाकीट कचऱ्यात जातं, रस्त्यावर पडतं, त्यावर पाय पडतो. ते तुलाच बघवणार नाही.

आता कायद्याच्या ओळी. यात मन मारून काटेकोर राहायचं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक तिच्या चिन्हासह, हिरवा ठिपका, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना व वर्ष, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, आपला पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एमआरपी ‘सर्व करांसह’. पाव किलोचं पाकीट १४ बाय २० सेंटिमीटरचं धरलं तर पुढची बाजू २८० चौरस सेंटिमीटर होते. तिला हिरवा ठिपका किमान ४ मिलिमीटर व्यासाचा आणि भोवतालचा चौकोन त्याच्या दुप्पट बाजूचा लागतो. किंमत १८० रुपये ठेवलीत तर शेजारी प्रतिग्रॅम ०.७२ रुपये हाही आकडा द्यावा लागतो. आणि एक गोष्ट बहुतेकांची चुकते: हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवाच. मराठी त्याच्या जोडीला चालते, नुसती चालत नाही.

एमआरपी, बॅच आणि तारीख स्टिकरवर छापू नका, तिथे कोरी जागा सोडा आणि रबरी शिक्क्याने उमटवा. मिरचीचा भाव दर हंगामाला हलतो. छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीचा स्टिकर चिकटवायला परवानगी नाही, कमी किमतीचा लावता येतो, तोही जुनी किंमत न झाकता. शिक्क्याची शाई मात्र प्लास्टिकवर टिकणारी घ्या, साधी शाई बोटाने पुसली जाते.

टिकण्याची मुदत मनाने लिहू नका. प्रत्येक बॅचची दोन पाकिटं कपाटात ठेवा, दर महिन्याला वास आणि चव बघून तारखेसह वहीत नोंद करा. तक्रार आली तरी हीच पाकिटं कामाला येतात.

छपाईवाल्याकडे फाईल द्यायच्या आधी अक्षरं ‘कर्व्ह’ करून घ्या, म्हणजे अक्षराचं चित्र करून. नाहीतर त्याच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला की ‘कोल्हापुरी’ मधला ‘ल्ह’ फुटतो आणि पाय मोडका ‘ल्’ उभा राहतो. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हे मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेने केलेले फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्याला वापरता येतात. हातात कागदावरचा नमुना घेतल्याशिवाय होकार देऊ नका. फोनच्या पडद्यावर पेटलेला लाल छापून आला की विटकरी दिसतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई चार शाया मिसळून. चारी कडांना तीन मिलिमीटर जादा रंग सोडायला सांगा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. नमुना हाती आला की चष्मा काढून हातभर लांब धरा. नाव आणि ‘कांदा-लसूण मसाला’ वाचता आलं पाहिजे, बाकीचं चष्म्याने वाचलं तरी चालेल.

स्टिकर कागदी घेऊ नका. चटणीला तेल सुटतं, बोटं लागतात, कागदावर डाग पडतो आणि पाकीट जुनं दिसायला लागतं. प्लास्टिकचा स्टिकर थोडा महाग पडतो, पण घ्या. पाकिटाला खिडकीही नको. आत काय आहे ते दिसावं म्हणून सगळे खिडकी ठेवतात, पण मिरचीचा रंग उजेडाने आणि हवेने उडतो. दुकानाच्या पुढच्या फळीवर महिनाभर राहिलेलं पाकीट फिकट पडतं आणि लोक म्हणतात जुना माल. आतून चंदेरी थर असलेलंच घ्या. भरताना नरसाळं वापरा आणि पाकिटाच्या तोंडाशी चार बोटं जागा कोरड्या फडक्याने पुसून मगच सील करा. सीलच्या पट्टीत भुकटीचा कण राहिला की तिथून तेल पाझरतं. सील झाल्यावर पाकीट हाताने दाबून बघायचं, हवा निघाली तर पुन्हा सील करायचं.

फोटोसाठी कुणाला पैसे देऊ नका. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवा आणि ट्यूबलाईट बंद करा. दोन उजेड मिसळले की लाल रंग नारिंगी दिसतो. फोनची काच पुसा. स्टीलच्या ताटात नको, त्यात आपलंच डोकं दिसतं. पाटा उत्तम, काळ्या दगडावर लाल उठून येतो. पडद्यावर चटणीवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा. फोन लाल रंग नेहमी भडक करतो आणि मग रवाळपणा जाऊन नुसता लाल डाग उरतो.

आता फोनवरचा धंदा. क्रम असा: आधी व्हॉट्सॲप, मग गुगल, मग इन्स्टाग्राम, जाहिरात सगळ्यात शेवटी. बाबांच्या रोजच्या नंबरवर धंदा करू नका. दुसरं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. कॅटलॉगमध्ये तीनच वस्तू ठेवा: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, फोटो आणि दरासह. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना धाडायच्या, एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ म्हणा. अनोळखी माणसांना निरोप पाठवत सुटू नका, आणि सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये तर अजिबात नको. लोकांनी तक्रार केली की नंबरच बंद होतो, मग कॅटलॉगही गेला.

गुगलवर धंद्याची नोंद करताना नाव पाटीवर आहे तेवढंच टाका. नावाला ‘बेस्ट कोल्हापुरी मसाला’ अशी शेपटी जोडली की नोंद रद्द होऊ शकते. पडताळणीला व्हिडिओ मागतील: गल्ली, पाटी, कुलूप उघडून आत, सामान. तो एका दमात न थांबता काढायचा. लोकांनी घरी यायला नको असेल तर पत्ता झाकून फक्त माल कुठे कुठे पोहोचवता ते दाखवता येतं. हे तुम्ही दोघांनी आधी ठरवा. दुपारी झोपायच्या वेळी दार वाजणार असेल तर मला त्यात काही शहाणपण दिसत नाही.

इन्स्टाग्रामवर काय टाकायचं असं विचाराल, तर लोक फोनवर जे विचारतात तेच. तिखट किती? मीठ आहे का? मटणाला किती? तांबड्या रश्श्याला कट (वरचा तेलाचा तवंग) कसा येतो? एका प्रश्नाला एक उभा व्हिडिओ, वीस सेकंदांचा. सुरुवातीला नाव-बोधचिन्ह नको, पहिल्या दोन सेकंदांत चटणी तेलात पडताना दिसली पाहिजे. अक्षरं तळाला आणि उजव्या कडेला ठेवू नका, तिथे बटणं येतात. बिझनेस खात्यावर बरीच सिनेमाची गाणी मिळत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, डंकाचा ठोका कुठल्याही गाण्यापेक्षा चांगला आहे.

जाहिरात कोल्हापुरात करू नका. तिथे घरोघरी वर्षभराची चटणी होते, त्यांना कशाला विकायची? पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे निवडा. उद्देश विचारला की ‘लाईक’ नको, ‘व्हॉट्सॲपवर मेसेज’ निवडा. दिवसाला २०० रुपये, पाच दिवस. १८ टक्के जीएसटी धरून १,१८० रुपये होतात. पाव किलोमागे ६० रुपये सुटत असतील तर वीस पाकिटं गेली तेव्हा कुठे जाहिरातीचे पैसे निघाले. प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ विचारून वहीत लिहा, नाहीतर पैसे कुठे गेले ते कधीच कळणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटी नवी मिरची येते तेव्हा आगाऊ नोंदणीची जाहिरात लावा, तेव्हा लोक वर्षाच्या बेगमीचा विचार करत असतात. भर पावसाळ्यात पैसे घालू नका.

कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात एक किलो चटणी घातलीत तर दीड किलोचे पैसे जातात. उंची १० केली की एकच किलो. आणि बाबा, निपाणी आपल्याला हाकेच्या अंतरावर असलं तरी ते कर्नाटक आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. निपाणी, बेळगाव, गोव्याच्या ऑर्डरी घेण्याआधी सीएंशी बोला.

अनोळखी लोकांचे फोन सुरू झाले की एखादा मोठी ऑर्डर देऊन म्हणेल, ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. असा फोन सरळ ठेवून द्या. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला तरी बँकेचा मेसेज बघितल्याशिवाय पाकीट बाहेर काढू नका.

स्टिकरचा कागदी नमुना आला की त्याचा फोटो नको, तो कागदच पोस्टाने पाठवा. सोबत एका पाकिटात थोडी चटणी भरून, सील करून पाठवा. इथे येईपर्यंत तेल पाझरतं का ते मला बघायचं आहे.

तुमची,
धाकटी