बूटलोडर गेस्टचा असतो, होस्टचा नाही

नाशिक,
१२ जानेवारी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या लॅबसाठी यू-बूट या बूटलोडरचं (मशीन सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिम चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) डेबियन लिनक्ससाठीचं पॅकेज तू स्वतः बांधायला घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. मुलांचे लॅपटॉप एक्स८६ प्रोसेसरचे आणि त्यांना शिकायचेत एआरएम आणि रिस्क-फाइव्ह हे वेगळ्या आर्किटेक्चरचे प्रोसेसर. तेव्हा एका मशीनवर (होस्ट) दुसऱ्या प्रकारचं मशीन (गेस्ट) सॉफ्टवेअरने उभं करणाऱ्या क्यूएमूशिवाय गत्यंतर नाही, आणि क्यूएमू आला की बूटलोडर आलाच. पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये 'आर्किटेक्चर'पुढे काय लिहायचं, असं तू विचारलंयस. पुढचं बरंच काही या एका ओळीवर उभं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'ऑल' लिही, म्हणजे एकच पॅकेज सगळ्या आर्किटेक्चरांना चालेल. हे तुला पटकन पटणार नाही, ठाऊक आहे. 'ऑल' पॅकेजात आपण फॉन्ट, मॅन्युअल, पायथॉनच्या फाइली घालतो. यू-बूटची बायनरी म्हणजे तर निव्वळ मशीन कोड. पॅकेज तपासणारं लिंटियन हे साधनही हाच आक्षेप घेतं: आर्किटेक्चरशी संबंध नसलेल्या पॅकेजात बायनरी कशी? पण ती फाइल तुझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर कधी चालवतच नाही. त्याच्या लेखी तो डेटा. क्यूएमू ती उचलून गेस्टच्या मेमरीत ठेवतो आणि पहिली सूचना गेस्टचा प्रोसेसर वाचतो. होस्ट एक्स८६ असो की एआरएमचा सर्व्हर, रिस्क-फाइव्हच्या गेस्टला लागणारी फाइल तीच, बाइट न बाइट तीच. म्हणून पॅकेज एकच पुरे, आणि लिंटियनला ओव्हरराइड (हा आक्षेप सोडून दे, असं सांगणारी नोंद) द्यायचा. ओव्हरराइडच्या वर कॉमेंटमध्ये कारण मात्र लिही. पुढे कुणीतरी ते पॅकेज तुझ्याकडून हातात घेईल, त्याला ते लागेल.

डेबियनमधलं यू-बूटचं सोर्स पॅकेज उघडून बघ, मनातली शंका तिथेच फिटेल. त्यातलं बूट इमेज तयार करणारं एमकेइमेज हे साधन आपल्याच मशीनवर चालतं, म्हणून ते प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळं बांधलेलं. रॉकचिप कंपनीच्या चिपवरच्या बोर्डांचं पॅकेज एआरएमपुरतं, कारण त्या बोर्डावर चालणारी डेबियनही एआरएमचीच. आणि क्यूएमूसाठीचं यू-बूट 'ऑल'. तीनही एकाच सोर्समधून निघतात. प्रत्येक वेळी विचारायचं ते एवढंच, की ही फाइल कोण चालवणार.

'ऑल' लिहिलंस की दुसरी जबाबदारी अंगावर येते. असं पॅकेज एकाच बिल्ड मशीनवर एकदाच बांधलं जातं, म्हणजे तिथे एआरएमचा आणि रिस्क-फाइव्हचा, दोन्ही क्रॉस कंपायलर (दुसऱ्या आर्किटेक्चरचा कोड बनवणारे) हवेत. ते 'बिल्ड-डिपेंड्स-इंडेप'मध्ये, म्हणजे फक्त 'ऑल' पॅकेजं बांधताना लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाक, साध्या 'बिल्ड-डिपेंड्स'मध्ये नको. नाहीतर एखाद्या छोट्या आर्किटेक्चरवर फक्त एमकेइमेज बांधणाऱ्यालाही ते सगळे कंपायलर विनाकारण ओढावे लागतील.

तयार बायनरी उचलून पॅकेजात घालायचा सोपा रस्ता आहे, आणि तुला कुणीतरी तो सुचवेलच. क्यूएमूच्या मूळ सोर्समध्ये 'पीसी-बायोस' नावाच्या डिरेक्टरीत एसलॉफ, ओपनएसबीआय, ईडीके२ असं बरंच फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, तयार होऊन येतं. डेबियनची मंडळी त्यावर विसंबत नाहीत. एस३९० किंवा अल्फा या आर्किटेक्चरांसाठी लागणारा इवलासा कोडसुद्धा ते त्या त्या क्रॉस कंपायलरने सोर्समधून बांधतात. हे कष्ट योग्यच आहेत असं माझं ठाम मत आहे. आणि तुझ्या बाबतीत तर जास्तच, कारण तुझी मुलं बूटलोडर शिकायला बसलीत. स्क्रीनवर उमटणारी प्रत्येक ओळ कुठल्या सी फाइलमधून आली, ते त्यांना शोधता आलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष सुरुवात कशी होते ते बघ, कारण पॅकेजमध्ये कुठल्या फाइली ठेवायच्या ते त्यावरूनच ठरतं. एक्स८६ रीसेट झाला की चार जीबीच्या खाली १६ बाइटवर असलेल्या पत्त्यावरून सूचना घेतो; तिथे सीबायोस किंवा ओव्हीएमएफ हे फर्मवेअर असतं. क्यूएमूच्या एआरएम 'व्हर्ट' मशीनमध्ये शून्य पत्त्यावर ६४ एमबीची फ्लॅश असते आणि रॅम हेक्समध्ये ४००००००० पासून. क्यूएमूला '-बायोस' हा पर्याय देऊन यू-बूट त्या फ्लॅशमध्ये बसवलं की काम झालं. रिस्क-फाइव्हमध्ये एक पायरी जास्त. रॅम ८००००००० पासून, तिथे आधी ओपनएसबीआय एम-मोडमध्ये (सर्वाधिक अधिकारांच्या पातळीवर) उभं राहतं आणि मग ८०२००००० वरच्या यू-बूटकडे एस-मोडमध्ये (त्याखालच्या पातळीवर) सूत्रं देतं. म्हणून तिथे यू-बूट '-बायोस'ने न देता '-कर्नल'ने द्यायचं. एम-मोडमध्ये थेट सुरू होणारं यू-बूटही बांधता येतं. त्याची कॉन्फिग वेगळी. दोन्ही ठेव, पण वेगळ्या डिरेक्टरींत, आणि 'रीडमी'मध्ये दोन्ही कमांड पूर्ण लिही. मुलं तिथेच अडकतात.

डिव्हाइस ट्री, म्हणजे मशीनमधल्या हार्डवेअरची यादी, पॅकेजमध्ये टाकायची गरज नाही. खऱ्या बोर्डाला ती लागते, पण इथे क्यूएमू स्वतः मशीनकडे बघून ती तयार करतो: एआरएममध्ये रॅमच्या सुरुवातीला ठेवतो, रिस्क-फाइव्हमध्ये तिचा पत्ता ए१ रजिस्टरमधून मिळतो.

नावांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. यू-बूटमध्ये एआरएमच्या कॉन्फिगच्या नावात अंडरस्कोर आहे आणि रिस्क-फाइव्हच्या नावात हायफन. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तुला ते एकसारखं करावंसं वाटेल. करू नकोस. एकदा फाइलचा पाथ बाहेर गेला की तो लोकांच्या स्क्रिप्टमध्ये आणि व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये जाऊन बसतो. व्हर्च्युअल मशीन वर्षानुवर्षं जगतं. ज्या सकाळी पाथ हलेल त्या सकाळी ते उठणार नाही. ओव्हीएमएफचं बघ ना. आधी त्याची फ्लॅश २ एमबीची होती, पुढे ४ एमबीची आली. जुन्यात सेटिंग साठवणारा 'व्हार्स'चा भाग १२८ केबी, नव्यात ५२८ केबी. प्रत्येक मशीनकडे त्या 'व्हार्स'ची स्वतःची प्रत असते, बूटचा क्रम आणि सिक्युअर बूटच्या किल्ल्या तिच्यातच. जुनी प्रत नव्या 'कोड' फाइलला जोडता येत नाही. म्हणून डेबियनमध्ये नव्या फाइलींना '४एम' असं वेगळं नाव दिलं आणि दोन्ही जोड्या बराच काळ शेजारी शेजारी ठेवल्या. अशी कामं बाहेर कुणाला दिसत नाहीत, पण पॅकेज सांभाळणाऱ्याची खरी पारख मी यावरूनच करतो.

बिल्डची तारीख यू-बूटच्या बॅनरमध्ये छापली जाते, तेव्हा 'सोर्स डेट इपॉक' (बिल्डसाठी धरायची ठरावीक वेळ) चेंजलॉगवरून घेतली जातेय ना, तेवढं बघ. म्हणजे आज आणि सहा महिन्यांनी बांधलेली फाइल सारखीच निघेल.

आणि चाचणी. फाइल तयार झाली एवढ्यावर थांबू नकोस. प्रत्येक आर्किटेक्चरची फाइल क्यूएमूमध्ये सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट पेक्सपेक्टमध्ये (प्रोग्रामशी आपोआप संवाद साधणारी पायथॉनची लायब्ररी) लिही. ऑटोबूटची उलटी गिनती दिसली की कळ दाबायची, '=>' प्रॉम्प्ट आला की 'बीडीइन्फो' ही बोर्डाची माहिती दाखवणारी कमांड द्यायची आणि रॅमची सुरुवात तपासायची: एआरएमला ४०००००००, रिस्क-फाइव्हला ८०००००००. परक्या प्रोसेसरला केव्हीएमची (होस्टच्या प्रोसेसरवर गेस्ट थेट चालवणाऱ्या सोयीची) मदत मिळत नाही, सगळं इम्युलेशनवर चालतं, पण बूटलोडर एवढा लहान की काही सेकंदांत निकाल कळतो.

पहिला बिल्ड झाला की लॉग पाठव, पूर्ण पाठव, शेवटच्या चार ओळी नकोत. रिस्क-फाइव्हच्या एस-मोडची फाइल मी इकडे एआरएम होस्टवर चालवून बघतो; 'ऑल' लिहिलंय तर ते तिथेही खरं ठरायला हवं. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीपाद