पूर आला की नळ कोरडे, मग ट्रेनिंग कुणाला द्यायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून तोंडावर आला की आपत्ती व्यवस्थापनाच्या मीटिंगा सुरू होतात, राजाराम बंधाऱ्यापाशी बोट उतरवून मॉक ड्रिल होतं, पेपरात फोटो येतो. बोट पाहिजेच, ब्रह्मनाळची बोट उलटल्याची दुर्घटना कोण विसरेल. पण कोल्हापुरात २०१९ च्या आणि परत २०२१ च्या पुरात अजून एक गोष्ट झाली, तिचं ड्रिल कधी झालेलं मी तरी वाचलं नाही. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि पंचगंगा दारात असताना अख्खं शहर टँकरमागं घागरी घेऊन पळत होतं. शिरोलीला हायवेवर पाणी, त्यामुळे बाहेरून काही यायचं नाही, डिझेलची पण ओढाताण, आणि दवाखान्याचे जनरेटर तर डिझेलवरच.

आपत्तीत मदतीला स्वयंसेवक तयार करणारी सरकारची आपदा मित्र योजना चांगलीच आहे, बारा दिवसांचं ट्रेनिंग, किट, विमा, पोरं जीव ओतून शिकतात. पण ते बहुतेक माणसं वाचवण्याचं, दोरी, सीपीआर, लाइफ जॅकेट वगैरे. जॅकवेलवरचा (नदीतलं पाणी उपसायच्या विहिरीवरचा) ऑपरेटर, महावितरणचा वायरमन, गल्लीत नळाचं पाणी सोडणारा चावीवाला यांना कोण बोलावतं? पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ हे शाळेतल्या पोराला पण पाठ आहे, पण किती फुटाला मोटर आणि पॅनेल वर उचलायचं, लाइन कुणी बंद करायची, कुणाच्या सांगण्यावरून, हे रात्री दोन वाजता साहेबांचा फोन लागला नाही तरी ठरलेलं पाहिजे ना? मोटर बुडाली की पाणी ओसरल्यावर खोला, सुकवा, परत बसवा, त्यात दिवसच्या दिवस जातात, आधी उचलली तर हे सगळं वाचतं. आता काळम्मावाडी धरणातून शहराला थेट पाइपलाइन झालीय म्हणून निवांत राहू नका, तिथले पंप पण विजेवरच चालतात.

माझं म्हणणं एवढंच की मे महिन्यात या लोकांना, कंत्राटी कामगार पण धरून (रात्रपाळीला बऱ्याचदा तेच असतात), आपदा मित्रांबरोबर एकत्र बसवा आणि पंचेचाळीस फुटाला वीज गेली असं धरून खरोखर काम करायला लावा. कुठल्या दवाखान्याला आधी लाइन द्यायची, टँकर कुठल्या विहिरीवर भरायचे, कुठल्या बोअरचं पाणी पिण्यासारखं आहे. तरुण मंडळांना पण घ्या, पुरात पहिल्यांदा तीच पळत येतात, फक्त पाण्यातल्या डीपीला (विजेच्या पेटीला) हात लावायचा नाही हे कुणीतरी नीट शिकवायला पाहिजे.

पुण्याला यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत अधिकाऱ्यांची ट्रेनिंगं होतात, चांगलं आहे, पण त्यांची बदली होते आणि ऑपरेटर तिथंच राहतो. महापालिका आणि जिल्हा प्रशासनानं यंदाचं वेळापत्रक पेपरातूनच जाहीर करावं, आम्ही फुलेवाडीची माणसं बघायला नाही, शिकायला येतो.

आपला,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर