दंड लावायचाच असेल तर आधी तुला

मालवण,
15 जून

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं चार पानी पत्र मिळालं. "जो मत देत नाही त्याला दंड ठोका, रेशन-पासपोर्ट अडवा, म्हणजे लोक सरळ येतील" हे वाचून हसू आलं. कारण तुझा कायदा उद्या झाला, तर आपल्या वाडीत पहिली नोटीस तुझ्याच दाराला चिकटेल. डोंबिवलीत इतकी वर्षं काढलीस, पण नाव अजून इथल्या यादीत. 7 मे 2024 ला मंगळवार होता आणि तू काही आला नव्हतास. भरपगारी सुट्टी कायद्याने मिळते, हे मलाही ठाऊक आहे. पण एका दिवसाच्या सुट्टीत रात्रभराचा प्रवास करून यायचं, मत द्यायचं आणि पुन्हा रात्रभर बसून कामावर जायचं, हे कितीजणांना जमेल?

मला या गोष्टी यादीतून कळल्या. त्या दिवशी माझी ड्युटी देवगडकडच्या एका शाळेत होती. दुपारी उन्हाने गर्दी ओसरली, तेव्हा दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट आपापल्या याद्या घेऊन उरलेल्यांची नावं वाचायला लागले. एक नाव घ्यायचा, दुसरा सांगायचा, "मुंबैक". पुढचं नाव, "मुंबैक". मग "वारलो". मग "लग्न होऊन गेली". मग एकाच घरातली ओळीने सहा नावं, सगळी मुंबैक, घराला कुलूप. सकाळपासून एकमेकांकडे न बघणारे ते दोघे एवढ्या एका बाबतीत पूर्ण एकमताचे होते. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशी एक वेगळी यादीही आम्हाला दिलेली असते, पण गावाची खरी यादी या दोघांच्या तोंडपाठ होती. आता यातल्या कोणाला तू आळशी म्हणणार?

दुसरे आपले दर्यावर जाणारे. सध्या मासेमारी बंद आहे, 31 जुलैपर्यंत बोटी वर ओढलेल्या, म्हणून बोटीचा प्रमुख, आपला तांडेल, गप्पांना मोकळा असतो. तुझी दंडाची कल्पना त्याला सांगितली. म्हणाला, "मास्तरानू, शंभर रुपये ना? मगे भरून टाकतंव. एक दिस बोट बांधून ठेवलंव तर तेच्यापरास कितीतरी जास्त जातत." दंड झाला की बोटवाल्याला तो खर्चाचा एक आकडा होतो. काजूच्या कारखान्यात बिया सोलणाऱ्या बाईला मात्र तेच शंभर रुपये घर हलवतात.

शंभराचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी हे करून पाहिलं. 2009 मध्ये विधेयक, राज्यपालांकडे अडकलं, 2014 मध्ये संमती, 2015 मध्ये नियम निघाले आणि दंड ठरला शंभर रुपये. त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये विधी आयोगानेही आपल्या 255व्या अहवालात सक्तीचं मतदान नको असंच सांगितलं होतं.

तू ऑस्ट्रेलियाचा दाखला दिलास, तो मात्र मी उडवून लावणार नाही. 1922 ला तिथे साठ टक्क्यांहून कमी मतदान झालं, 1924 मध्ये सक्ती आली आणि 1925 ला आकडा नव्वदीच्या पुढे गेला. दंड साधारण वीस डॉलर. पण त्या सक्तीचं दुसरं टोक सरकारच्या गळ्यात बांधलेलं आहे, ते तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. मतदान शनिवारी. आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं, परराज्यात असलास तरी सोय आहे, आधी देता येतं, टपालाने देता येतं, आणि आडरानात फिरती केंद्रं जातात. तिथे लोकांना ओढून आणण्याआधी पेटी लोकांपर्यंत गेली. आपल्याकडे निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये दूरस्थ मतदान यंत्र जाहीर केलं, एका यंत्रावर 72 मतदारसंघ, म्हणजे डोंबिवलीत बसून तुला इथलं मत देता आलं असतं. पक्षांनी शंका काढल्या आणि पुढे सरकलं नाही. चाकरमान्यांना आणायला गाड्या करायच्या म्हटलं की यातल्या कुठल्याच पक्षाला शंका येत नाही, ही गंमत आहे!

आणि बहिष्काराचं काय करशील? धनगरवाड्यावरून आजारी माणूस डोलीतून खाली आणावा लागतो. ती माणसं "रस्ता नाही तर मत नाही" म्हणतात तेव्हा तहसीलदार स्वतः चढून वर जातात. एरवी जातात का? ती एक गोष्ट त्यांच्या हातात आहे, तीही दंड लावून काढून घ्यायची? "वरीलपैकी कोणीही नाही" ही नोटाची सोय आहे म्हणशील. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दिली, त्याच निकालात मत न देणं हीसुद्धा अभिव्यक्ती मानली. पण लोकसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दोन नंबरचा उमेदवारच खासदार होतो. डोलीवाल्याने ते बटण कशासाठी दाबावं? (आणि बिनविरोध झालेल्या ग्रामपंचायतीत दंड कोणाकडून वसूल करायचा, तेही एकदा लिहून कळव.)

मतदान कर्तव्य आहे, यावर तुझं-माझं भांडण नाही. माणूस जिथे आहे तिथे त्याला मत देता येऊ दे, तांडेलाला दर्यावर जाण्याआधी देता येऊ दे, मग तुझ्या दंडाला मी हात वर करीन.

तोवर एक कर. आठ नंबरचा फॉर्म भर आणि नाव डोंबिवलीला हलव. नुसतं घर मालकीचं असल्याने कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, असं 1950 चा कायदाच म्हणतो. गावच्या यादीतून नाव गेलं की गाव सुटला असं तुझ्या बाबांना वाटेल, हे मला कळतं. म्हणून मीच त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले, "तेचा नाव काढा, माझा रवांदे." तेव्हा तुझी सबब संपली. गणपतीला येशील तेव्हा पोचपावती घेऊन ये, आणि तिकिटांचं रिझर्व्हेशन या खेपेला तरी वेळेत कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मास्तर