धरण तुडुंब, मग रोहितची चंगळ कशी?

संपादक महोदय,

‘उजनी काठोकाठ, रोहित पक्ष्यांची चंगळ’ हे कालच्या अंकातले वृत्त वाचून करमणूक झाली. धरण शंभर टक्क्यांच्या वर राहिले की चंगळ आमच्या उसाची होते, रोहितची (म्हणजे फ्लेमिंगोची) नाही. तो बिचारा मान खाली घालून, चोच उलटी धरून उथळ पाण्यातला चिखल गाळतो आणि त्यातले शेवाळ, बारीकसारीक किडे खातो. पाणी ओसरून काठचा गाळ मोकळा झाल्याशिवाय त्याने इथे उतरून करायचे काय? पाणी उतरायला उशीर झाला की तोही उशिरा येतो, हे भिगवणच्या कुठल्याही मच्छीमाराने सांगितले असते. (गाळ उघडा पडला की मागोमाग आमचे पंप आणि गाळपेर (म्हणजे उघड्या गाळावरची पेरणी) तिथे पोचते, हेही कबूल.)

पण खरा राग आला तो फोटोचा. ‘आकाशात गुलाबी रांगोळी’ म्हणे! डाव्या कोपऱ्यात होडीचे टोक दिसते, ते कापायचे राहून गेले वाटते. रांगोळी कशी काढतात ते मागच्या जानेवारीत मी पाहिले आहे. पाहुण्यांना घेऊन कुंभारगावच्या बाजूला होडीतून गेलो होतो. थवा शांतपणे चरत होता. शेजारच्या होडीतले कॅमेरेवाले ओरडले, “अहो, उडवा ना जरा!” नावाड्याने इंजिन चढवून होडी सरळ थव्यात घातली. एवढा मोठा पक्षी, जागच्या जागी उडत नाही. पाण्यावर धावत सुटतो तेव्हा कुठे वर उठतो. दहा मिनिटांनी पुढची होडी, पुन्हा तेच. आमच्या नावाड्याला विचारले तर म्हणाला, “दादा, उडवलं न्हाई तर पुढल्या खेपंला दुसरी होडी करत्यात.” त्याच्या पोटावर मी काय बोलणार? पण असा फोटो पाच कॉलमात छापणाऱ्यांना विचारायला हरकत नसावी.

पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून आमच्याकडे बारा महिने येते. त्यावर पाच कॉलम कधी?

जाता जाता : खालच्या चौकटीतल्या फोटोतले ‘रोहित’ हे चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचे आहेत. पिवळी जाड चोच, शेपटीकडे गुलाबी पिसे. दुरुस्ती छापणार असाल तर राशिभविष्याशेजारी छापा, तिथे लोक नीट वाचतात.

– एक वाचक, ता. इंदापूर